कलासंग्रहालयात घरचे कार्य : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कलासंग्रहालयाची जागा घरच्या किंवा संस्थेच्या समारंभासाठी घ्यावी का, आणि घेतली तर कोणती पथ्ये पाळावीत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वडील चित्रकला शिक्षक होते आणि दर वर्षी आपल्या विद्यार्थ्यांना भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेत असत. येत्या हिवाळ्यात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. होम, औक्षण आणि जेवणासह हा सोहळा संग्रहालयातच करावा, अशी आम्हा भावंडांची इच्छा आहे. पाहुणे दोनशेच्या आसपास असतील. हे योग्य ठरेल का?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : ज्यांनी आयुष्यभर मुलांना वस्तूंकडे नीट पाहायला शिकवले, त्यांचा सत्कार त्याच वस्तूंच्या सान्निध्यात व्हावा, ही आपली कल्पना मला मनापासून आवडली. तरीही माझा स्पष्ट सल्ला असा, की कार्याचे दोन भाग करावेत. होम, औक्षण आणि पंगत घरी किंवा मंगल कार्यालयात व्हावी, आणि संग्रहालयाने परवानगी दिली तर तेथे सत्कार, चार आठवणी आणि दालनांची फेरी एवढेच ठेवावे.

ही वास्तू १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुढे तिची फार दुरवस्था झाली. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, वारसा जतन करणारी इनटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. आज आपण मान वर करून जे रंगीत छत आणि जी सोनेरी नक्षी पाहतो, ती कारागिरांनी कित्येक महिने खपून परत मिळवलेली आहे. होमात तूप जळते तेव्हा तेलकट काजळी निघते, आणि कापराची काजळी तर त्याहून दाट असते. ती गरम हवेबरोबर वर जाते, छताला आणि नक्षीच्या खाचांत बसते, आणि पुसू लागले की कधी कधी तिच्याबरोबर रंगही निघून येतो. निरांजनाची ज्योत लहान आहे म्हणून ती चालेल, असे म्हणता येत नाही, कारण दालनात उघडी ज्योत नको हा नियम संग्रहालयांत ज्योतीच्या आकारावर अवलंबून ठेवत नाहीत.

हळदीचेही तसेच आहे. हळदीचा रंग तुरटीसारख्या कोणत्याही रंगबंधकाशिवाय रेशमावर, लोकरीवर आणि कागदावर पक्का बसतो, त्यामुळे बोटाला लागलेली चिमूटभर हळदसुद्धा जुन्या वस्त्राचे कायमचे नुकसान करू शकते. अक्षतांचे तांदूळ फरशीच्या सांध्यांत राहतात आणि उंदीर व किडे बोलावतात. फुलांबद्दलचा नियम मात्र अनेकांना अन्यायाचा वाटतो, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर सांगतो. लोकर, रेशीम आणि पिसे खाणारे जे बारीक भुंगेरे असतात, त्यांच्या अळ्या संग्रहाची नासधूस करतात; पण वाढ झालेला भुंगेरा परागांवर जगतो आणि फुलांबरोबरच घरात शिरतो. झेंडूच्या माळांनी सजवलेला दरवाजा दिसायला कितीही प्रसन्न असला, तरी ज्याच्यावर संग्रह सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याला त्या माळेत हा भुंगेराही दिसत असतो.

पाहुण्यांच्या संख्येचाही विचार करावा. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो आणि तासाला सुमारे पन्नास ग्रॅम बाष्प सोडतो. म्हणजे दोनशे माणसे एका बंद दालनात तासभर बसली, तर हवेत जवळजवळ दहा लिटर पाणी मिसळते. लाकूड, हस्तिदंत आणि कागद ही दमट हवेत फुगणारी आणि कोरड्या हवेत आकसणारी द्रव्ये आहेत, आणि या फुगण्या-आकसण्यातूनच तडे जातात. म्हणून सत्कार मोकळ्या आवारात व्हावा आणि पाहुण्यांनी पंचवीस-तीसच्या तुकड्यांनी आत जावे. वडिलांच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे आले आणि एकेका तुकडीला एकेक कपाट समजावून सांगितले, तर गुरूला याहून चांगली भेट मला तरी सुचत नाही. छायाचित्रासाठी आवारातील घारापुरीचा दगडी हत्ती आहेच. तो भंगल्यावर तुकडे जोडून पुन्हा उभा केलेला आहे, आणि ती हकीकत वडीलच पाहुण्यांना अधिक चांगली सांगतील.

अर्ज लेखी करावा आणि त्यात तारीख, वेळ, पाहुण्यांची संख्या, खाद्यपदार्थ असतील की नसतील, ध्वनिवर्धक हवा की नको, हे सर्व पहिल्याच पत्रात लिहावे. अर्धवट माहिती देऊन मंजुरी मिळवायची आणि ऐन वेळी एकेक गोष्ट वाढवत न्यायची, हा आपल्याकडचा प्रघात संग्रहालयात तरी टाळावा.

प्रश्न : मुलाच्या स्वागत समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर संग्रहालयातील एखादे चित्र छापले तर चालते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चित्रकार कोण आहे यावर ते अवलंबून आहे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये आणि महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या चित्रांवरील मुदत केव्हाच संपली आहे. मकबूल फिदा हुसेन २०११ मध्ये गेले. त्यांचे चित्र वारसांच्या परवानगीवाचून छापता येणार नाही. मुदत संपलेली असली, तरी संग्रहालयाने काढलेले छायाचित्र वापरायचे असल्यास त्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून विचारून घ्यावे आणि पत्रिकेवर चित्रकाराचे नाव अवश्य छापावे.

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ राहतो. मुलीचे लग्न आम्हाला मिलवॉकी आर्ट म्युझियमच्या तळ्याकाठच्या भव्य दालनात करायचे आहे. सप्तपदीला अग्नी हवा, असे व्याह्यांचे म्हणणे आहे, आणि संग्रहालयाच्या अटी मात्र फार कडक वाटतात. मार्ग काय?
– एक वाचिका, इलिनॉय

उत्तर : सांतियागो कालात्रावा यांनी आखलेली ती इमारत २००१ मध्ये उघडली. मिशिगन तळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या शुभ्र दालनात लग्न व्हावे असे कोणालाही वाटेल. पण त्या संग्रहालयाने २००६ मध्ये एक फार वाईट रात्र पाहिली आहे. बाहेरच्या एका कंपनीने तेथे मद्याची मेजवानी ठेवली होती आणि तीस डॉलरच्या तिकिटात हवे तितके मद्य मिळणार होते. गर्दी आवरली नाही, लोकांना उलट्या झाल्या आणि काही जण चक्क शिल्पावर चढले. ही बातमी देशभर गाजली. अमेरिकेतील संग्रहालये आज ठरावीक खानपान कंत्राटदार, विम्याचे प्रमाणपत्र आणि मद्याबाबत काटेकोर करार मागतात, त्यामागे असेच अनुभव आहेत. त्या अटींत आपल्याविषयीचा अविश्वास शोधू नये.

अग्नीच्या बाबतीत मी व्याह्यांच्या बाजूचा आहे. सप्तपदी अग्नीसमोर होते, आणि विजेच्या दिव्याभोवती ती उरकणे हा विधीचाही मान नव्हे आणि संग्रहालयाचाही नव्हे. म्हणून लग्न सकाळी मंदिरात लावावे. शिकागो परिसरात लेमाँटसारख्या ठिकाणी मोठी मंदिरे आहेत. संध्याकाळी संग्रहालयात फक्त स्वागत समारंभ आणि जेवण ठेवावे. हळद आदल्या दिवशी घरी व्हावी, आणि नवरा-नवरीचे हात संग्रहालयात येण्यापूर्वी स्वच्छ धुतलेले असावेत. जेवणात लाल द्राक्षमद्य, बीट आणि केशरी रंगाची तर्री टाळण्यास सांगितले, तर वाद घालू नये. कोकणी सोलकढीचाही डाग पडतोच, हे आपल्याला माहीत आहे. अळूवडी, सुरळीची वडी, श्रीखंड असे पदार्थ ठेवले तर जेवण मराठीच राहील आणि फरशीही शाबूत राहील. मात्र बाहेरून आचारी आणता येतो का, हे जागा ठरवण्यापूर्वीच विचारा. पुष्कळ ठिकाणी आणता येत नाही, आणि नेमक्या याच मुद्द्यावर अनेक मराठी कुटुंबांची शेवटी निराशा होते.

प्रश्न : मी आमच्या तालुक्यातील एका लहान खासगी कलासंग्रहालयाचा विश्वस्त आहे. अनुदान अपुरे पडते. मागचे अंगण आणि वरचे दालन लग्न-मुंजींना भाड्याने द्यावे, असा प्रस्ताव बैठकीत आला आहे. त्यावर मतभेद आहेत. आपले मत कळवावे.
– एक विश्वस्त, सातारा जिल्हा

उत्तर : अंगण द्यावे, दालन देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची वास्तू ही मुळात सर कावसजी जहांगीर सभागृह. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे ते १९११ मध्ये उभे राहिले. मैफिली आणि सभा यांसाठी ते प्रसिद्ध होते, पण नवी सोयीस्कर सभागृहे झाल्यावर त्याला ओहोटी लागली, आणि मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नाचे स्वागत समारंभ आणि कपड्यांची सवलतीतील विक्री, असे जे मिळेल ते तेथे होऊ लागले. १९९६ मध्ये तेथे कलासंग्रहालय सुरू झाले आणि त्या वास्तूला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. भाड्याच्या उत्पन्नाने ती वास्तू तग धरून राहिली असेल, पण तिचे भाग्य तेथे चित्रे आल्यावर उजळले. आपल्याकडे चित्रे आधीच आहेत, तेव्हा तो प्रवास उलट दिशेने करू नये.

दालनातील धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बैठकीत तो पटवून देणे अवघड जाते. २०१३ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर संग्रहालयात नेब-सेनू याची एक लहान इजिप्शियन मूर्ती काचेच्या कपाटात आपोआप फिरते, असे दिसून आले आणि लोकांनी भुताटकीच्या कथा रचल्या. तपासाअंती निष्कर्ष असा निघाला, की रस्त्यावरील वाहने आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले यांच्या कंपनाने ती तसूतसूने सरकत होती. नुसत्या पावलांनी मूर्ती फिरत असेल, तर लग्नातल्या ढोल-ताशाने आणि डीजेच्या भिंतींनी आपल्या काचेच्या फळ्यांवरील मातीच्या वस्तूंचे काय होईल, हे विश्वस्तांनी एकदा कपाटासमोर उभे राहून डोळ्यांसमोर आणावे. छायाचित्रकारांच्या प्रखर दिव्यांचेही तेच. जलरंग, लघुचित्रे आणि वस्त्रे यांच्यासाठी पन्नास लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) एवढा मंद प्रकाश पुरेसा मानतात, कारण प्रकाशाने रंग उडतो, आणि उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

अंगण देण्याआधी विश्वस्तपत्रात अशा वापराला मुभा आहे का, हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम जाणणाऱ्या वकिलांकडून तपासून घ्यावे. इमारत केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकात मोडत असेल, तर १९५९ च्या नियमांनुसार लेखी परवानगीशिवाय तेथे सभा, स्वागत समारंभ किंवा मेजवानी करता येत नाही. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही, ही अट पावतीवरच छापावी. विमा कंपनीला आधी कळवावे. समारंभाच्या दिवशीही प्रेक्षकांसाठी दालने नेहमीच्या वेळेला उघडी राहिलीच पाहिजेत. लांबून एसटीने आलेल्या शाळेच्या मुलांना कोणाच्या तरी मुंजीमुळे फाटकावरून परतावे लागू नये. रात्री थांबणाऱ्या शिपायाला आणि राखणदाराला त्याच रात्री जादा मेहनताना द्यावा, तो पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

या पैशाचे काय करावे, याबद्दल आपल्या पत्रात काही नाही, आणि मला तोच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाड्याची रक्कम सर्वसाधारण खात्यात गेली, की ती वीजबिलात विरून जाते आणि पुढच्या वर्षी आणखी तारखा द्याव्या लागतात. म्हणून ठराव करताना या उत्पन्नाचे वेगळे खाते करावे आणि ते फक्त वस्तूंच्या जतनासाठी, म्हणजे आम्लरहित कागद, आर्द्रतामापक, कपाटांची दुरुस्ती, प्रशिक्षित जतनतज्ज्ञाची भेट यांसाठी खर्च करावे. पहिली तारीख देण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी छायाचित्र काढून तिच्या स्थितीची नोंद करून घ्यावी, आणि पहिल्या समारंभानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी दोन विश्वस्तांनी ती नोंद हातात घेऊन सर्व कपाटे ताडून पाहावीत. फरक आढळला, तर पुढच्या तारखा रद्द करण्याचा अधिकार त्याच ठरावात लिहून ठेवावा.