बाप्तिस्मा झाला, आता जरा दमानं

बाप्तिस्म्याला वर्ष नाही झालं आणि तू पाळक व्हायला निघालास! अरे, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पाळकपदाची दीक्षा मिळाली 1904 मध्ये. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्माही 1900 चा, पतीनंतर पाच वर्षांनी. तुझी आई बोलत नाही म्हणतोस ना? वाद घालू नकोस. लावणीला घरी जा, चिखलात उतर. मी गेलो नाही. वडील वारले तेव्हा अंगणातच उभा राहिलो.

उपदेश वीस मिनिटांत आटप, बंदरावरची माणसं पहाटेपासून उठलेली असतात. भाषांतरातली मराठी नको. टिळकांनी अभंग, कीर्तन उगाच नाही धरलं. आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की बाकं रिकामी दिसतील. तेव्हा तूच जेटीवर जा.