रुग्णालय सुरू ठेवून शटर कसे बदलावे?

प्रश्न : आमच्या धर्मादाय रुग्णालयात भांडार आणि धुलाई विभागाकडे जाणाऱ्या मार्गावर मोटरवर चालणारी तीन शटर आहेत. ट्रॉल्या आदळून त्यांच्या पट्ट्या वाकल्या असून एक शटर अर्ध्यावरच अडकते. कंत्राटदार तिन्ही एकदम काढू म्हणतो. रुग्णसेवा न थांबवता हे काम कसे करावे?
— एक व्यवस्थापक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तिन्ही शटर एकदम काढू देऊ नका. नवे शटर मापाप्रमाणे तयार होऊन रुग्णालयाच्या आवारात पोहोचल्याशिवाय जुन्याला हातही लावू नये, आणि एक शटर बसून चालू झाल्यावरच दुसरे काढावे.

त्याआधी प्रत्येक शटर कशासाठी बसवले होते, हे मूळ नकाशावरून तपासा. त्यांपैकी एखादे फायर शटर, म्हणजे आग लागताच आपोआप खाली येऊन धूर आणि ज्वाळा अडवणारे असेल, तर त्याच्या जागी साधे शटर बसवणे अत्यंत धोक्याचे आहे. नवे शटर तितक्याच अग्निरोधक क्षमतेचे, प्रमाणपत्र असलेले हवे आणि अलार्मशी जोडून त्याची चाचणी व्हायला हवी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमाखाली दर जानेवारीत आणि जुलैत आपल्याला प्रपत्र ‘ब’, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, देणारी जी परवानाधारक संस्था आहे, तिला हा बदल आधीच दाखवा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती धुळीची. भिंत फोडताना उडणाऱ्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणसाला ते सहसा बाधत नाहीत, पण केमोथेरपी घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला त्यांच्यामुळे फुप्फुसांचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. म्हणून कामाच्या जागेभोवती जमिनीपासून छतापर्यंत जाड प्लास्टिकचा आडोसा उभारावा, आतली हवा पंख्याने इमारतीबाहेर काढावी, जवळच्या वातानुकूलन जाळ्या झाकाव्यात आणि कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. संसर्ग नियंत्रण परिचारिकेने हा आडोसा पाहून होकार दिल्यावरच काम सुरू व्हावे.

वेल्डिंग शक्यतो कारखान्यातच उरकून जागेवर फक्त बोल्ट आवळावेत, विशेषतः प्राणवायूची नळी जवळून जात असेल तर. जुन्या शटरमध्ये पीळ दिलेल्या स्प्रिंग असतील, तर त्या सुटून गंभीर इजा होऊ शकते. त्या सैल करण्याचे काम जाणकार कारागिरावरच सोपवावे.

ट्रॉल्या पुन्हा आदळणारच आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या गाईडपुढे, म्हणजे शटर ज्या उभ्या पट्ट्यांतून सरकते त्यांच्यापुढे, जमिनीत पक्के लोखंडी खांब रोवण्याचा खर्च याच अंदाजपत्रकात धरावा.