पुण्यात आईसाठी वृद्धाश्रम बघतोय. दर्जा आणि सुरक्षितता नेमकी कशी तपासायची?

तुम्ही लिहिलंय की आई ८१ वर्षांच्या आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात, अलीकडे विसरायला होतं. तुम्ही हैदराबादला, आणि समोर पुण्यातल्या तीन ठिकाणांची माहितीपत्रकं. तिन्हींत बाग आहे, भजन आहे, ‘घरच्यासारखं वातावरण’ आहे. त्यावरून काही ठरवता येत नाही हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे.

माझे वडील, आप्पा, शेवटची साडेतीन वर्षं पुण्यात अशाच ठिकाणी होते. आधी एका, मग दुसऱ्या. त्यावरून सगळ्यात आधी एवढंच सांगेन की रात्री तिथे किती माणसं जागी असतात ते विचारा. झोपलेली नव्हे, जागी.

पहिलं ठिकाण सिंहगड रस्त्याच्या पुढे एका बंगल्यात होतं. आम्ही दर रविवारी सकाळी अकराला जायचो. आप्पा दाढी करून, पावडर लावून बसलेले असायचे, आम्हालाही बरं वाटायचं. अडीच महिन्यांनी एका बुधवारी दुपारी तीनला मी न कळवता गेले. पलंगाशेजारी भिंतीवर कूस बदलल्याचा तक्ता होता. एकाच कुशीवर पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वेळेसमोर खूण करायची. त्या तक्त्यावर रात्री दहापर्यंतच्या खुणा तीन वाजताच करून ठेवलेल्या होत्या, एका दमात, एकाच पेनाने. मी पांघरूण बाजूला केलं तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम, कडा काळपट पडलेल्या. घंटेचं बटण डोक्यामागे स्विचबोर्डवर, आप्पांचा हात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

रात्री २२ जणांना एक मावशी असते, हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं. मावशींना मी दोष देत नाही. डायपर बदलून कूस वळवायला एका माणसामागे दहा मिनिटं धरली तरी २२ जणांना साडेतीन तासांच्या वर लागतात. दोन तासांत ते कुणालाच जमणार नाही. हा हिशेब मी प्रवेशाच्या आधी करायला हवा होता. जखम भरायला पाच महिने गेले.

आता कायद्याबद्दल, कारण तुम्ही ‘सरकारमान्य’ असा शब्द वापरलाय. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी सरकारी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खासगी केंद्रांची सक्तीची नोंदणी आणि किमान मानकं आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण ते मंजूर न होताच सतराव्या लोकसभेची मुदत संपली. म्हणून कुणी ‘आम्ही रजिस्टर्ड आहोत’ म्हणालं की कशाखाली, ते विचारा. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंद असेल तर हिशेब तपासले जातात, कूस बदलली का ते नाही. शॉप अॅक्टचा कागद तर त्याहून कमी सांगतो. नळी, सलाईन, ऑक्सिजन असं सगळं ‘आम्ही इथेच करतो’ म्हणत असतील तर नर्सिंग होमची नोंदणी दाखवा म्हणा.

एक कागद मात्र जरूर मागा: आगीचा ‘फॉर्म बी’. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. कागद बघून झाला की वर जाऊन या. अंथरुणाला खिळलेली माणसं दुसऱ्या मजल्यावर ठेवलीत का? आगीत लिफ्ट वापरता येत नाही, मग त्यांना खाली कोण आणणार? खिडक्यांना ग्रिल आहे, त्यातलं एखादं तरी उघडतं का? आणि रात्री फाटकाला कुलूप लागतं, त्याची किल्ली कुणाच्या कमरेला असते? आईंना विसरायला होतंय म्हणजे कुलूप लागणारच, ते त्यांच्या भल्यासाठीच आहे. पण किल्ली मालकांच्या घरी असेल तर तिथे ठेवू नका.

औषधांची खोली बघा. प्रत्येकाचा डबा वेगळा, त्यावर पूर्ण नाव आणि शक्यतो फोटो हवा. आपल्याकडे एका मजल्यावर दोन कुलकर्णी आजी असतातच, आणि एकीची मधुमेहाची गोळी दुसरीला गेली तर जिवावर बेतू शकतं. रात्रीचं जेवण किती वाजता, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी साडेसहालाच ताटं उचलतात आणि नाश्ता साडेआठला, म्हणजे चौदा तास पोट रिकामं. मधुमेह असेल तर झोपताना काही देतात का?

हे विचारायला जड जाईल, तरी विचाराच: संध्याकाळी कुणी बेचैन झालं, उठून जायला लागलं तर तुम्ही काय करता? ‘आम्ही बसून बोलतो, थोडं फिरवतो’ असं सहज उत्तर आलं तर ठीक. ‘डॉक्टरांनी गोळी दिलेली असते’ एवढंच म्हणाले तर कोणती, कधीपासून, किती जणांना, हे खोदून विचारा. आणि बोलता बोलता खुर्च्यांकडे लक्ष असू द्या. एका ठिकाणी मी एका आजींना ओढणीने खुर्चीला बांधलेलं पाहिलं, तशीच परत फिरले.

आप्पांना नंतर जिथे नेलं तिथे रात्री १८ जणांना तीन माणसं होती. घंटेला लांब दोरी बांधून ती पलंगाच्या कठड्याला अडकवलेली असायची. आंघोळीआधी मावशी आपलं कोपर पाण्यात बुडवून बघायच्या. महिन्याला सात हजार जास्त पडायचे. आम्ही भावंडांनी ते वाटून घेतले.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. रात्री दोनला तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलात, कोण घेऊन जाणार आणि तुम्ही हैदराबादहून येईपर्यंत सोबत कोण थांबणार. दुसरं म्हणजे डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार.

तुम्ही लांब आहात, म्हणून पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाला अवेळी जायला सांगा, शक्यतो संध्याकाळी सात-साडेसातला, पाळी बदलताना. व्हिडिओ कॉलवर आईंचा चेहरा बघून झाला की मावशींना टाचा दाखवायला सांगा. जखमा बऱ्याचदा माकडहाडावर नाहीतर टाचेवर सुरू होतात, आणि टाच कॅमेऱ्यात सहज दिसते. काही गैर दिसलं आणि तिथले लोक ऐकत नसतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

आणि पैसे भरण्याआधी आईंना प्रत्यक्ष घेऊन जा. त्यांना त्यांच्या वॉकरने पलंगापासून संडासापर्यंत चालू द्या. जुन्या बंगल्यांत संडासाचं दार अरुंद असतं, वर उंबरा. वॉकर बाहेर ठेवून आत भिंत धरत जावं लागत असेल, तर रात्री तीनलाही त्या तशाच जाणार आहेत.