व्हॅल्प्रोइक ॲसिड की सोडियम व्हॅल्प्रोएट? पेशींवरच्या प्रयोगासाठी कोणतं घ्यावं, स्टॉक कसा करावा, धोका किती?

न्यूरोब्लास्टोमा (चेतापेशींचा एक कर्करोग) पेशींवर व्हॅल्प्रोइक ॲसिड हे फिट्सवरचं औषध वापरायचं आहे, तर द्रव ॲसिड मागवावं की सोडियमचा क्षार, असं तुम्ही विचारलंय. क्षारच मागवा. पण त्याहून जास्त विचार कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या पेशींचा करा. या रेणूवरचे प्रयोग फसतात ते बहुतेक तिथेच.

हे आठ कार्बनचं फांदीदार मेदाम्ल आहे. रेणुभार १४४.२, म्हणजे सरळ साखळीच्या ऑक्टॅनोइक ॲसिडइतकाच. फक्त इथे दुसऱ्या कार्बनवर तीन कार्बनची फांदी आहे. त्या फांदीमुळे बीटा-ऑक्सिडेशनमध्ये (पेशीत मेदाम्लं जाळण्याच्या क्रियेत) ते ऑक्टॅनोइकसारखं झटपट जळून जात नाही. मूळ ॲसिड रंगहीन, तेलकट द्रव असतं आणि एक मिलिलिटर पाण्यात जेमतेम १.३ मिलिग्रॅम विरघळतं. ते थेट मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) टाकलं तर थेंब वर तरंगतात, त्यातलं आम्लता दाखवणारं रंगद्रव्य फिनॉल रेड पिवळं पडतं आणि पेशी आम्लतेनेच मरतात. मग आपण ते मरण औषधाच्या खात्यावर मांडतो. क्षार मात्र पाण्यात सहज विरघळतो. पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन झालेले असतात तो आकडा) ४.८ च्या आसपास असल्यामुळे ७.४ पीएचला दोन्हींचं रूप सारखंच होतं: चारशे रेणूंमागे एखादाच आयन न झालेला.

एक मोलर स्टॉकसाठी (पुढे पातळ करून वापरायच्या दाट द्रावणासाठी) १.६६ ग्रॅम क्षार थोड्या निर्जंतुक पाण्यात विरघळवून एकूण १० मिलिलिटर करा, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा, छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. १० मिलिलिटर मीडियमला १० मायक्रोलिटर घातले की १ मिलिमोलर. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे क्षाराचा रेणुभार १६६.२ असताना हिशेब १४४.२ ने करणं. मग स्टॉक १३ टक्के पातळ होतो. दुसरी चूक दमटपणाची. ही पावडर हवेतलं पाणी भराभर ओढते. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात बाटली उघडी राहिली की पावडरीचा चिकट गोळा होतो आणि आपण औषधाबरोबर पाणीही तोलतो. बाटली डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, तोलायचं काम पटकन उरका.

आता कंट्रोल. हे ॲसिड बर्टन यांनी १८८२ मध्ये बनवलं आणि पुढे कितीतरी वर्षं ते निव्वळ द्रावक म्हणून वापरात होतं. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबलला पिएर एमार इतर रेणू त्यात विरघळवून तपासत होते, तर कुठलाही रेणू घातला तरी झटके थांबायचे. गुण द्रावकाचाच निघाला! म्हणून तुमच्या प्लेटमध्ये नुसत्या मीडियमची विहीर (पेशी वाढवायचा खळगा) पुरेशी नाही. क्षारातल्या सोडियमचा परिणाम वेगळा कळावा म्हणून तेवढ्याच मिलिमोलरचं सोडियम क्लोराइड घातलेली एक विहीर ठेवा. परिणाम हिस्टोन डीॲसिटिलेज (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे ॲसिटिल गट काढणारी विकरं) रोखल्यामुळे होतो असा दावा करणार असाल, तर व्हॅल्प्रोमाइडचीही ठेवा. हे त्याचंच अमाइड, पण त्या विकरांना रोखत नाही. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवावं लागतं, म्हणून डीएमएसओची विहीर वेगळी. ॲसिटिलेटेड एच३ (ॲसिटिल गट लागलेलं एक हिस्टोन) मोजायला वेस्टर्न ब्लॉट ही प्रथिन ओळखायची चाचणी करायची असेल तर पेशी औषध असतानाच उचला. औषध काढून तासन् तास ठेवलं की खूण पुसट होत जाते.

मात्रा बहुधा ०.५ ते २ मिलिमोलर असते. रुग्णाच्या रक्तात ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात, म्हणजे साधारण ३५० ते ७०० मायक्रोमोलर. पण त्यातलं ९० टक्के प्रथिनांना चिकटलेलं असतं. दहा टक्के सीरमच्या मीडियममध्ये अल्ब्युमिन (औषध चिकटतं ते रक्तातलं मुख्य प्रथिन) फारच कमी, त्यामुळे तुमचं १ मिलिमोलर हे रक्तातल्या मोकळ्या औषधाच्या १५ ते ३० पट भरतं. ‘उपचाराच्या मात्रेत’ असं प्रबंधात लिहिण्याआधी हे लक्षात घ्या.

संशोधनात याला मान आहे तो याच विकररोधामुळे, जो २००१ मध्ये लक्षात आला. २००८ मध्ये हार्वर्डच्या मेल्टन प्रयोगशाळेने उंदराच्या पेशींचं रिप्रोग्रॅमिंग (प्रौढ पेशींना पुन्हा मूळपेशींसारखं करणं) याच्या मदतीने शंभरपटीहून वाढवलं. गाभण उंदरीला साडेबाराव्या दिवशी ५०० ते ६०० मिलिग्रॅम प्रति किलो देऊन पिल्लांत ऑटिझमसारखी लक्षणं अभ्यासतात. तिथे मात्रा ॲसिडची की क्षाराची ते लिहा, आणि हिशेबात एकक वेत (एका आईची सगळी पिल्लं मिळून) धरा, एकेक पिल्लू नव्हे.

धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. द्रव ॲसिड त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतं. हातमोजे, चष्मा, फ्यूम हूड हवेतच. पण खरा धोका गर्भाला आहे. गरोदरपणी हे औषध घेतलं तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात दोष, तर ३० ते ४० मुलांत वाढीच्या अडचणी दिसतात. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. त्यामुळे गरोदर असलेल्या किंवा तसा विचार असलेल्या सहकारी महिलेला पावडर तोलायचं काम देऊ नका, आणि बाटलीवर ‘गर्भाला घातक’ असं ठळक लिहा. घरात कुणी फिट्ससाठी हीच गोळी घेत असेल तर हे वाचून ती अचानक बंद करायची नाही, त्यात जिवाला धोका आहे. बदल न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यानेच.