सांगलीत भाड्याच्या घरासाठी एजंटला किती कमिशन द्यायचं?

विश्रामबागेत ९,००० भाड्याचा वन बीएचके बघितलाय, एजंट एक भाडं कमिशन आणि वर ॲग्रीमेंटचे ४,००० मागतोय, मालकाकडूनही घेणार आहे, हे कायद्याला धरून आहे का, असं तुम्ही विचारलंय.

भाड्याच्या दलालीला कायद्याने दरच ठरवून दिलेला नाही. एजंटला महारेराची (बिल्डर-एजंटांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकताना. भाड्याचे व्यवहार त्यात येत नाहीत. त्यामुळे तोंडी जे ठरेल तोच दर. मी भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देतो, अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन घरोघरी जातो, त्यामुळे ही देवघेव बहुतेक वेळा माझ्यासमोरच चालते. आपल्याकडे अर्ध्या भाड्यापासून एका भाड्यापर्यंत बघतो. पुण्या-मुंबईचं 'एक भाडं' आता इथेही मागतात, पण जरा ताणून धरलं की पंधरा दिवसांच्या भाड्यावर येतात. मात्र हे बोलणं घर बघायला जायच्या आधी करायचं. बायकोला किचन आवडल्याचं एजंटने ऐकलं की मग तो कशाला कमी करतोय!

१८ टक्के जीएसटी लावतो म्हणाला तर नंबर मागा आणि पक्कं बिल मागा. २० लाखांच्या आतल्या उलाढालीला नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी घेऊच शकत नाही.

खरी मेख त्या ४,००० मध्ये आहे. तुमचाच हिशोब धरा. ९,००० गुणिले ११ म्हणजे ९९,०००. डिपॉझिट ३०,००० असेल तर त्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ११ महिन्यांचे झाले २,७५०. बेरीज १,०१,७५०. त्याच्यावर पाव टक्का स्टँप ड्युटी, म्हणजे अडीचशेच्या वर थोडे. शंभरात पूर्ण करून ३०० धरा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. किरकोळ शुल्क धरून सरकारी खर्च दीड हजाराच्या आसपास. वर आमच्यासारख्याची मजुरी. उरलेले कुठे जातात ते मी सांगायला नको, आमच्या लाइनीतले लोक आधीच माझ्यावर खार खाऊन आहेत. एजंटला सरळ म्हणा, सरकारी पैसे भरल्याचं चलन दाखवा, तेवढे देतो आणि करणाऱ्याची फी वेगळी देतो. आणखी एक, करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकलेली आहे. खर्च कुणी करायचा हे आपसांत ठरतं, निम्मा-निम्मा मागायला लाजू नका.

दोन्हीकडून कमिशन घेणं ही जुनीच रीत आहे, त्यात लबाडी नाही. पण भाडं जितकं जास्त तितकं त्याचं कमिशन जास्त, त्यामुळे तुमच्या वतीने तो घासाघीस करेल ही आशा सोडा. भाडं मालकाशी स्वतः बोला. तसंच पुराचं. विश्रामबागेत ठीक आहे, पण घर गावभाग, सांगलीवाडी किंवा शामरावनगरकडे बघणार असाल तर २०१९ ला पाणी कुठवर होतं हे एजंटला नाही, शेजारच्यांना विचारा. तळमजल्याच्या खोलीत खांद्यापर्यंत नवा रंग आणि वर जुनाच, असं दिसलं की काय ते समजून जा.

टोकन द्यायचंच असेल तर मालकाच्या खात्यात, एजंटच्या नाही. कमिशन मात्र अंगठे-फोटो होऊन चावी हातात आल्यावर. आधी निम्मे द्या म्हणणारे भेटतात. मालकाने ऐनवेळी नाही म्हटलं की ते पैसे 'पुढच्या घरात ॲडजस्ट' होतात, परत येत नाहीत. घर दाखवायचे दोनशे-पाचशे तर देऊच नका. पण एजंटने दाखवलेलं घर त्याला टाळून मालकाकडे परस्पर ठरवायलाही जाऊ नका. त्याने उन्हातान्हात चार घरं फिरवलेली असतात, आणि सांगली एवढी मोठी नाही.

११ महिन्यांनी करार नव्याने करताना परत कमिशन मागतील. त्या वेळी त्याने काहीच केलेलं नसतं, फक्त कराराचा खर्च द्या. हे आत्ताच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

घाई नसेल तर रविवारी गाडी काढा आणि वालचंद कॉलेजच्या मागच्या गल्ल्या, शंभर फुटी रोडच्या आतल्या कॉलन्या हिंडा. गेटवर पाट्या असतात, किराणावाल्याला आणि इस्त्रीवाल्याला कुठलं घर रिकामं झालंय ते आधी कळतं. फॅमिली असाल तर एजंटशिवायही जमून जाईल. एकटे असाल तर बरेच मालक ओळखीशिवाय गेटच्या आतही घेत नाहीत. तिथे अर्धं भाडं देऊन मोकळे व्हा.