शेंदरी की किरमिजी? एका तिकिटापायी ६,८०० युरो

प्रश्न : आम्ही चार वर्षांपासून फ्रान्समध्ये, ल्योंला राहतो. माझे वडील साताऱ्याला टपाल तिकिटं जमवायचे. फ्रान्सची जुनी तिकिटं त्यांना फार हवी होती, ती राहूनच गेली. आता इथले एक ओळखीचे विक्रेते १८४९ सालचं १ फ्रँकचं शेंदरी तिकीट, शिक्का पडलेलं, ६,८०० युरोंना देतो म्हणतात. कॅटलॉगमधली किंमत याच्या तिपटीहून जास्त आहे, म्हणजे ही गुंतवणूकच झाली, असं त्यांचं म्हणणं. आमची शिल्लक १४,००० युरो, सगळी ‘लिव्रे आ’ या इथल्या बचतखात्यात. मिस्टरांचं कंत्राट डिसेंबरात संपतंय, मुलगी चार वर्षांची आहे. घ्यावं का?

ताई, आत्ता घेऊ नका. वडिलांची हौस पुरी करायला मात्र दुसरी वाट आहे, तीही सांगते.

आधी तिकिटाकडे बघू, कारण इथे सगळे पैसे रंगाचे आहेत. फ्रान्सची पहिली तिकिटं १ जानेवारी १८४९ ला आली. त्यांवर सेरेस या धान्यदेवतेचा चेहरा आहे, कोरणारे जाक-जाँ बार. २० सेंटिमचं काळं आणि १ फ्रँकचं शेंदरी. पुढे ४० सेंटिमचं नारिंगी तिकीट काढायचं ठरलं, तेव्हा खिडकीवर शेंदरी आणि नारिंगीची गल्लत होईल हे टपालखात्याच्या लक्षात आलं. म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस १ फ्रँकचा रंग किरमिजी केला आणि शेंदरी मागे घेतलं. वर्षभरही न चाललेलं ते तिकीट आज दुर्मिळ आहे. चित्र तेच, आकार तोच, पण शेंदरी आणि किरमिजी यांच्या कॅटलॉग किमतीत दहा पटींहून जास्त अंतर आहे. (‘किरमिजी’ हा आपला शब्द आणि फ्रेंचांचा ‘कारमँ’, दोन्ही एकाच अरबी शब्दातून आले आहेत. म्हणून मी इथे मुद्दाम ‘लाल’ म्हणत नाही.)

तुम्ही फोटो पाठवलात, पण तो घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला आहे. त्या उजेडात किरमिजीसुद्धा शेंदराकडे झुकतं. मोबाइलचा कॅमेरा आपल्या मनाने रंग सुधारतो ते वेगळंच. छटा ओळखायची तर दिवसा, थेट ऊन नसलेल्या खिडकीपाशी, आणि शेजारी खात्रीचं तिकीट ठेवून. नुसत्या आठवणीवर छटा ओळखता येते असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शेंदरीच्या आतही भेद आहेत : तेजस्वी, मंद, फिकट. फिकटातली एक छटा ‘व्हेर्व्हेल’ नावाने ओळखली जाते. तिकिटं छापणाऱ्या आनातोल यूलो यांच्या कागदपत्रांत बिनडिंकाचा एक ताव निघाला, तो घेणाऱ्या विक्रेत्याचं ते नाव. शिवाय १८६२ मध्ये या मालिकेची पुनर्मुद्रणं झाली, त्यांची छटा पुन्हा निराळी. किरमिजी तिकिटाला रसायनांनी शेंदरी वळण देण्याचे उद्योगही होतात.

आणि नकली तिकिटं बनवणारा जाँ द स्पेराती. हा माणूस स्वस्तातल्या जुन्या तिकिटावरचं चित्र धुऊन काढायचा, खरा शिक्का तसाच राखायचा आणि त्या खऱ्या कागदावर महागडं तिकीट छापायचा. १९४२ मध्ये त्याने लिस्बनला पाठवलेली तिकिटं फ्रेंच कस्टम्सने अडवली, तेव्हा तज्ज्ञांनीही ती खरी धरली होती. म्हणजे शिक्का खरा आहे म्हणून तिकीट खरं असं होत नाही. मूळ तिकीट उठावाच्या ठशाने छापलेलं, त्यामुळे पाठीमागून तिरप्या उजेडात छपाईचा दाब जाणवू शकतो. नक्कल दगडी छपाईसारखी सपाट असते. पण हे बघणं तुमचं-माझं काम नाही, पॅरिसच्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाचं आहे. त्याचं, याच तिकिटाचा फोटो असलेलं प्रमाणपत्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

‘कॅटलॉगच्या एक तृतीयांश’ याला भुलू नका. कॅटलॉगची किंमत असते ती चारही समास मोकळे, कागद कुठे पातळ नाही, शिक्का हलका, अशा निवडक नगाची. एक समास चित्राला भिडला की भाव कोसळतो. तुमच्या फोटोत डावा समास मला फार अरुंद दिसतोय.

आता हिशोब. समजा तिकीट अस्सल आहे आणि उद्या गरज पडली म्हणून लिलावात काढलंत. घेणाऱ्याला बोलीवर २५ टक्के खर्च पडतो असं धरू. त्याने एकूण ६,८०० मोजले, तर बोली झाली ५,४४० ची. त्यातून लिलावगृहाचं १५ टक्के कमिशन धरलं तर ८१६ गेले. विक्री ५,००० युरोंच्या वर, म्हणून संग्रहवस्तूंवरचा साडेसहा टक्के कर, सुमारे ३५४. हा कर विक्रीच्या पूर्ण किमतीवर लागतो, तोटा झाला तरी. हातात उरले ४,२७०. नुसते मुद्दल सुटायलाही बाजारभाव जवळजवळ साठ टक्के चढायला हवा, आणि तोवर तिकीट एक पैसाही व्याज देत नाही. लिव्रे आचं व्याज थोडं असेल, पण ते करमुक्त आहे आणि पैसे हवे तेव्हा निघतात.

डिसेंबरनंतर घरात एकच पगार असू शकतो. अशा वेळी १४,००० ही तुमची गुंतवणूक नव्हे, ते घरभाडं, किराणा आणि मुलीचा खर्च आहे. त्यातले निम्मे एका बोटभर कागदात घालायला मी कुणालाच सांगणार नाही, माझ्या बहिणीलाही नाही. तिकिटांना ‘गुंतवणूक’ म्हणून विकणाऱ्यांचा इतिहासही बरा नाही. स्पेनमध्ये फोरम फिलातेलिको आणि आफिन्सा या कंपन्या ठराविक परताव्याचं सांगून तिकिटांवर पैसे गोळा करत होत्या. मे २००६ मध्ये छापे पडले आणि लाखो लोकांची बचत अडकली. तुमचे विक्रेते तसे आहेत असं मी म्हणत नाही, ‘गुंतवणूक’ हा शब्द तेवढा तोच आहे.

मग करायचं काय? त्याच दिवशी निघालेलं, त्याच सेरेसचं २० सेंटिमचं काळं तिकीट घ्या. शिक्का पडलेला चांगला नग शंभर युरोंच्या आत मिळतो, आणि फ्रान्सचं पहिलं तिकीट म्हणून त्याचा मान तेवढाच आहे. पॅरिसला जाल तेव्हा शाँझेलिझेजवळच्या कारे मारिन्यीच्या तिकीटबाजारात चक्कर मारा. तो गुरुवारी, शनिवारी आणि रविवारी भरतो. काळी तिकिटं तिथे हातात घेऊन, उजेडात बघता येतात. पांढरट कागदावरचं आणि पिवळट कागदावरचं असे दोन नग शेजारी ठेवून बघा, छटा म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळेल.

शेंदरीचं मन झालंच, तर मिस्टरांचं काम पक्कं होऊन सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्यावर बघू. तेव्हाही अटी लेखी घ्या : तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आल्यावरच पैसे, छटा वेगळी निघाली तर व्यवहार रद्द. बिलावर तारीख, किंमत आणि ‘१ फ्रँक शेंदरी’ असं स्पष्ट लिहून घ्या. पुढे विकताना पूर्ण किमतीऐवजी फक्त नफ्यावर कर भरण्याचा पर्याय मागायचा असेल, तर खरेदीचा पुरावा म्हणून तेच बिल लागतं.