वाचक विचारतात : डेहराडूनच्या परेडला जाताना

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमीत, म्हणजे आयएमएत, वर्षातून दोनदा पासिंग आउट परेड, म्हणजे प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या कॅडेटांचं संचलन, होते. तिच्या दोन महिने आधी आमच्याकडे पालकांच्या पत्रांची गर्दी होते. या वेळच्या पत्रांतले सहा प्रश्न निवडले आहेत.

मुलगा डिसेंबरात आयएमएतून अधिकारी होऊन बाहेर पडणार आहे. निमंत्रण अजून आलेलं नाही. तिकिटं आधी काढावीत का? सांगलीहून सोयीचा मार्ग कोणता? – एक आई, सांगली

काढा. जून आणि डिसेंबरचा दुसरा शनिवार हा परेडचा रिवाज आहे. 14 डिसेंबर 2024, 14 जून 2025 आणि 13 डिसेंबर 2025 हे तिन्ही दुसरेच शनिवार होते. तरी मुलाला फोनवर एकदा विचारून घ्या आणि हॉटेल असं निवडा की रद्द केलं तर पैसे परत मिळतील.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. प्रवास दोन गाड्यांचा असेल तर दिवस प्रत्येक गाडीच्या तारखेपासून वेगळे मोजावे लागतात. बरेच जण इथेच चुकतात. पहिल्या गाडीचं तिकीट हाती येतं आणि दुसरीची खिडकी उघडेल त्या सकाळी घरात कोणालाच आठवण राहत नाही.

सांगलीहून गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीला, हजरत निजामुद्दीनला जाते. मंगळवारी रात्री बसलात तर गुरुवारी सकाळी पोहोचाल. डेहराडूनची शताब्दी मात्र नवी दिल्ली स्टेशनवरून भल्या सकाळी निघते आणि वंदे भारत आनंद विहारवरून. ही तिन्ही स्टेशनं वेगवेगळ्या जागी आहेत. त्यामुळे निजामुद्दीनला उतरून शताब्दी गाठण्याचा बेत कागदावरच राहू द्या. दुपारच्या जनशताब्दीचं तिकीट काढलंत तर गोवा एक्सप्रेस तीन-चार तास उशिरा आली तरी निभावतं आणि गुरुवारी रात्री तुम्ही डेहराडूनला असता. शुक्रवार मोकळा मिळतो, तो हवाच.

विमानाने गेलात तर जॉली ग्रँट विमानतळ शहराच्या एका टोकाला आणि अ‍ॅकॅडमी दुसऱ्या टोकाला, हे ध्यानात ठेवा. मधे पूर्ण शहर ओलांडायचं असतं. दीड तास धरा.

परतीला डिसेंबरात उत्तरेच्या मैदानात धुकं धरतं आणि दिल्लीच्या गाड्या-विमानं लटकतात. दिल्लीत दोन तासांच्या अंतराने पुढची गाडी पकडण्याचं धाडस करू नका.

उतरायचं कुठे? नातेवाईक म्हणतात हरिद्वारला राहा, स्वस्त पडेल. – एक वाचक, अकोला

हरिद्वार पन्नासेक किलोमीटरवर आहे. शनिवारी पहाटे अंधारात तिथून निघून वेळेत गेटवर पोहोचण्याची जोखीम कशाला? मसुरीलाही हेच लागू आहे, वर घाटरस्ता. हरिद्वार परेडनंतरच्या मुक्कामाला ठेवा.

आयएमए चक्राता रोडवर आहे, शहराच्या मध्यावरच्या घंटाघरापासून साधारण आठ किलोमीटर. शनिवारचा सगळा हिशेब या एका रस्त्यावर येऊन थांबतो. म्हणून बल्लूपूर चौक, जीएमएस रोड, वसंत विहार किंवा अ‍ॅकॅडमीला लागून असलेलं प्रेमनगर, या पट्ट्यात खोली बघा. राजपूर रोडवरची हॉटेलं देखणी आहेत, पण तिथून निघालात की घंटाघराचा परिसर पार करावा लागतो.

जूनची परेड असेल तर घाई जास्त करा. तेव्हा मसुरीचा हंगाम आणि चारधाम यात्रा दोन्ही जोरात असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात लग्नसराई असते. खोली ठरवताना एकच अट घाला : पहाटे चारला गिझरचं गरम पाणी आणि चहा मिळेल का? डिसेंबरात रात्रीचं तापमान सहा-सात अंशांवर येतं. त्या थंडीत गार पाण्याच्या बादलीकडे पाहून अर्ध्या कुटुंबाचा उत्साह मावळतो.

परेडच्या सकाळी नेमकं काय होतं? सोबत 74 वर्षांचे सासरे आहेत, त्यांना मधुमेह आहे. – सातारा

पोलीस आदल्या दिवशी वाहतुकीची योजना जाहीर करतात. अ‍ॅकॅडमीसमोरच्या पट्ट्यात सामान्य वाहनं बंद होतात आणि पावंटा साहिब-विकासनगरकडची वाहतूक धूलकोट-सिंघनीवालामार्गे वळवली जाते. पास असलेल्यांना सोडतात, पण तपासणीच्या रांगेत सगळेच उभे असतात. निमंत्रणावर बसण्याची जी वेळ असेल तिच्या निदान तासभर आधी गेटवर असा. मुख्य पाहुणे येण्याआधी प्रवेश बंद होतो. मग परेड संपेपर्यंत बाहेरच थांबावं लागतं.

टॅक्सी आदल्या संध्याकाळीच पक्की करा. पहाटे साडेचारला मोबाइलवर गाडी मागवाल तर मिळेल याचा भरवसा नाही. वाहनाचा पास वेगळा असतो, त्यावरचा क्रमांक आणि प्रत्यक्ष गाडीचा क्रमांक जुळला पाहिजे. ऐनवेळी ड्रायव्हरने दुसरी गाडी आणली की घोळ होतो. ड्रायव्हरकडे स्वतःचं ओळखपत्र असू द्या आणि त्याचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. परतताना शेकडो गाड्या एकसारख्या दिसतात आणि मोबाइल आत नेता आला नसेल तर तो कागदच कामाला येतो.

मूळ आधार कार्ड प्रत्येकाजवळ हवं, फोटोकॉपी चालेल असं गृहीत धरू नका. पासवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, हे मुलाने पासच्या नावांची यादी भरण्याआधीच पाहा. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेलं असतं आणि आधार जुन्याच नावाचं. मोबाइल, कॅमेरा, पिशवी यांबद्दल निमंत्रणासोबतच्या सूचना शब्दशः पाळा. सर्वांत सोपं म्हणजे पिशवी न्यायचीच नाही.

सासऱ्यांसाठी : गाडी जिथे उभी राहते तिथून चालावं लागतं आणि मग बराच वेळ एका जागी बसायचं असतं. चालायला त्रास असेल तर मुलाला आठवडाभर आधी सांगा, म्हणजे तो आत विचारून ठेवेल. औषधं खिशात, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. हॉटेलात चारला नाश्ता मिळत नाही, म्हणून घरून नेलेली दशमी-चटणी किंवा लाडू गाडीतच खाऊन घ्या. इन्सुलिन घेत असतील तर त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना आधीच विचारा. उपाशीपोटी बसवणं धोक्याचं आहे.

मैदानात आपला मुलगा ओळखायचा कसा, हेही लगेच सांगतो, कारण पुढचं पत्र त्याचंच असतं. जून 2025 मध्ये 419 भारतीय आणि 32 परदेशी कॅडेट होते, सगळे एकाच गणवेशात, एकाच चालीत. शुक्रवारी भेटेल तेव्हा विचारा : कितवी तुकडी, कितवी रांग, उजवीकडून कितवा. त्याच्या कंपनीचं, म्हणजे अ‍ॅकॅडमीतल्या त्याच्या गटाचं, नावही विचारून ठेवा. कंपन्यांना लढायांची नावं आहेत आणि त्यांत कोहिमा, बसंतर यांच्या जोडीला आपलं सिंहगडही आहे.

शेवटी तुकड्या संथ चालीत चेटवूड इमारतीच्या पायऱ्या चढतात. तो ‘अंतिम पग’. या इमारतीत आधी रेल्वे स्टाफ कॉलेज होतं. अ‍ॅकॅडमी 1 ऑक्टोबर 1932 ला 40 कॅडेटांवर सुरू झाली आणि त्या पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते. पायऱ्या चढताना कॅडेटांची पाठ तुमच्याकडे असते. चेहरा बघायचा तर संचलन समोरून जातं तेव्हाच बघून घ्या.

नऊवारी चालेल का? यजमान म्हणतात, मी नेहरू शर्ट आणि कोल्हापुरी घालणार. – कोल्हापूर

नऊवारी उत्तम चालेल, नथीसह. डिसेंबरात आत पूर्ण बाह्यांचं थर्मल आणि वर जाड शाल घ्या. पहाटेचं दव पडलेल्या हिरवळीवरून चालायचं असतं, उंच टाचा रुततात. सपाट, बंद पादत्राण बरं.

यजमानांना समजवा. लष्करी निमंत्रणावरचं ‘फॉर्मल’ म्हणजे हिवाळ्यात सूट-टाय किंवा बंदगळ्याचा जोधपुरी, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय, पँट आणि चामड्याचे बूट. कोल्हापुरी कितीही अस्सल असली तरी ती खोलीवर राहू द्या. जूनमध्ये सूर्य लवकर तापतो. सुती साडी, पातळ रुमाल, आणि आदल्या रात्री भरपूर पाणी. छत्री उघडलीत तर मागच्या रांगेतल्या आईबापांची परेड गेली म्हणून समजा.

खांद्यावर तारे लावायला आई-वडील लागतात म्हणे. माझे पती हयात नाहीत. दुसऱ्या खांद्याशी कोण उभं राहील? – एक वाचक, अहिल्यानगर

तुम्ही आणि मुलाला जे हवं असेल ते. परेडनंतर होणाऱ्या या छोट्या समारंभाला ‘पिपिंग’ म्हणतात. लेफ्टनंटचे दोन तारे प्रत्येक खांद्यावर येतात, म्हणून सहसा दोघे जण लागतात. आजी, मामा, धाकटी बहीण, शाळेतले सर, कोणीही चालतं. दोन्ही खांदे एकट्या आईने केले तरी हरकत नाही. अट एवढीच की त्या व्यक्तीचा पास असला पाहिजे, म्हणून पासची नावं देण्यापूर्वी हे ठरवा. गर्दीत, फोटो काढणाऱ्यांच्या घोळक्यात, काका पुढे की मामा पुढे ही चर्चा सुरू झाली की मुलगा अवघडतो. हात थरथरतात, ते धरूनच चाला. घरी जुन्या शर्टाच्या खांदपट्टीवर एकदा सराव करा.

पास मर्यादितच मिळतात. उरलेल्यांनी गेटबाहेर ताटकळू नये. परेडचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं, ते खोलीत बसून बघावं. पडद्यावर चेहरे आतल्यांपेक्षा जवळून दिसतात, हे आतले कबूल करत नाहीत एवढंच.

मुलाची एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परेड पुण्यात पाहिली. तीन वर्षं शिकून झालं, मग डेहराडूनला पुन्हा सगळं तेच का? रजा एकदाच मिळते. शिवाय परेडनंतर दोन दिवस हातात आहेत, काय पाहावं? – छत्रपती संभाजीनगर

तेच नाही. खडकवासल्याला आदल्या दिवशी जेएनयूची पदवी मिळते आणि खेत्रपाल मैदानावर परेड होते, पण कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळत नाही. पुढे लष्कराचे कॅडेट वर्षभरासाठी डेहराडूनला, नौदलाचे केरळातल्या एळिमलाला आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या दुंडिगलला जातात. अधिकारी तो डेहराडूनला होतो. रजा एकच असेल तर ती डेहराडूनसाठी राखायला हवी.

परेडच्या दुपारी काही ठरवू नका. सगळे पहाटे तीनपासून जागे असतात आणि मुलाला झोप हवी असते. शनिवार-रविवारची मसुरी टाळा. पस्तीस किलोमीटरचा रस्ता जूनमध्ये अर्धा दिवस खातो. संध्याकाळी गढी कँटजवळचं टपकेश्वर बघा, गुहेच्या छतातून पिंडीवर थेंब पडतात. चक्राता रोडवरच वन संशोधन संस्थेची विटांची भव्य इमारत आणि तिथली संग्रहालयं आहेत, त्यांना तीन तास द्या. रविवारी सामानासह निघून ऋषिकेश, मग हरिद्वारची गंगा आरती, आणि तिथूनच परतीची गाडी. उलट डेहराडूनला यायची गरज नाही. विमान असेल तर जॉली ग्रँट ऋषिकेशच्याच वाटेवर आहे.

सामानाचं मात्र आधी बघा. मुलाची काळी पत्र्याची पेटी आणि वर्षभराचं बाकी सामान असतं, विमानात माणशी 15 किलो चालतं. पेटी घरी न्यायची की तो युनिटला नेणार, हे शुक्रवारी ठरवा. घरी न्यायची तर कुलूप, नाव-पत्ता रंगवलेला आणि रेल्वे पार्सल. जूनमध्ये गेलात तर लिची घ्या, पण परतीच्या दिवशी सकाळी आणि देठासकट. पिशवीत कोंबली की दुसऱ्या दिवशी काळी पडते.